मागची शेड रिकामी आहे? मशीन सगळ्यात शेवटी घ्या

"सर, घरामागे पत्र्याची शेड आहे. आधी गाडी लावायचो, आता भंगार पडलंय. लाकूडकामाची आवड आहे, हाताशी पन्नास हजार आहेत. कोणतं मशीन घेऊ?" असा प्रश्न मला वरचेवर येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: इतक्यात कोणतंच नको.

का ते सांगतो. समजा, तुमच्या तालुक्याच्या गावात छोटा गाळा महिना ५,००० भाड्याने मिळतो. म्हणजे वर्षाला ६०,००० आणि डिपॉझिट वेगळं. गाळा घेतला की पहिल्या महिन्यापासून भाड्याचं टेन्शन, मग येईल ती ऑर्डर, मिळेल त्या भावात. घरची शेड तुम्हाला या घाईतून वाचवते. सहा महिने एकही ऑर्डर आली नाही तरी चालतं, हात बसेपर्यंत चुका करता येतात. शेडची खरी कमाई हीच. आणि आपण काय करतो? हप्त्यावर मशीन घेतो आणि तेच टेन्शन मागच्या दाराने घरात आणतो.

म्हणून पैसा क्रमाने घाला. पहिला क्रम छपराचा.

पाऊस नसेल तर पाइप लावून पत्र्यावर अर्धा तास पाणी सोडा आणि आत उभं राहून वर बघा. गळती बहुतेक वेळा पत्र्याच्या मधोमध नसते, ती हुकाच्या भोकाशी असते. वॉशर वाळून फुटलेले असतात. ते बदलले आणि सीलंट भरलं की बरंच काम होतं, अख्खं छप्पर बदलायची गरज पडत नाही. दुसरं पाणी खालून येतं. शेडची जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा निदान सहा इंच तरी वर हवी. नसेल तर कोबा करून घ्या, दाराशी उंबरा बांधा. ओलीत ठेवलेलं प्लायवूड फुगतं, रंध्याच्या पात्याला एका पावसाळ्यात गंज चढतो. मग मशीन कितीही भारी असू दे.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. शेड जुनी असेल आणि वर सिमेंटचे पत्रे असतील, तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. अशा पत्र्याला भोक पाडू नका, कापू नका, घासू नका. त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. आहे तसा राहू द्या, फुटला असेल तर जाणकाराकडून उतरवून घ्या.

उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही. वरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या, भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फट ठेवून जाळी मारा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल. खर्च कमी म्हणून काही जण आतून थर्माकोल लावतात. तिथे भुसा उडणार, कधी ग्राइंडरची ठिणगी उडणार. थर्माकोल अजिबात नको. आणि जमिनीला गुळगुळीत टाइल्सही नकोत: भुशावरून पाय सरकतो, हातोडी पडली की टवका उडतो. शहाबादी फरशी किंवा साधा कोबा झकास.

आता वीज. इथे मी पैसे वाचवू देणार नाही.

घराच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड ओढून शेडमध्ये मोटर चालवणारे मी भरपूर पाहिलेत. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. पण मोटर सुरू होताना ती चालू अवस्थेपेक्षा कितीतरी पट करंट खेचते. बारीक वायर तापते, इन्सुलेशन मऊ होतं आणि एक दिवस भुशाशेजारी ठिणगी पडते. घरापासून शेडपर्यंत स्वतंत्र लाइन घ्या, एवढ्या कामाला साधारण ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर लागते. अंतर जास्त असेल तर जाडी वाढवावी लागेल. पॉवर सॉकेटना २.५, दिव्यांना १.५. शेडच्या तोंडाशी छोटा बोर्ड, त्यात एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. अर्थिंग पक्कं हवं, पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून काम करणाऱ्याला याची किंमत कळते. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आणि दिव्यांची लाइन सॉकेटच्या लाइनपासून वेगळी ठेवायला सांगा. कारण सोपं आहे. मशीन अडकलं, एमसीबी पडली आणि त्याच वेळी दिवेही गेले, तर पातं अजून फिरत असतं आणि तुमचा हात अंधारात असतो.

घरगुती मीटरवर काम चालेल का? महावितरणच्या दरपत्रकात घराच्या जागेतल्या छोट्या व्यवसायाला घरगुती दर चालण्याची सोय आहे, पण वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत लागतो आणि वर्षाचाही हिशोब बघतात. दरपत्रक बदलत असतं, तेव्हा काम सुरू करण्याआधी शाखा कार्यालयात विचारून घ्या.

टेबल विकत आणू नका. जुन्या घरांचं सामान विकणाऱ्याकडे सागवानी दार मिळतं, त्याखाली भक्कम पाय ठोकले की झालं टेबल. उंची किती? सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मनगट येतं तिथे टेबलाचा माथा. टेबल भिंतीला पक्कं बांधा, नाहीतर रंधा मारताना तेच पुढे पळतं.

हत्यारांत करवत, रंधा, दोन-तीन मापांच्या पटाशा, गुण्या, हातोडी, चार शिकंजे आणि एक बरा ड्रिल. बस्स. मोठे कट हवेत? प्लायवूडच्या दुकानात किंवा फर्निचरवाल्याकडे पैसे देऊन कापून मिळतात. माझा नियम असा: एकच काम सलग तीन ऑर्डरींमध्ये तुम्हाला अडवतंय असं दिसलं, तरच त्या कामाचं मशीन घ्या. तेव्हा कोणतं मशीन हे मला विचारावंही लागणार नाही. पुण्याजवळ असाल तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, मुंबईत हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट आहेच. सेकंडहँड घेताना चालवून बघा, बेअरिंगचा आवाज ऐका. पात्यावरचा गार्ड काढून टाकलेलं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

पन्नास हजारांची वाटणी मी साधारण अशी करेन: छप्पर आणि पाणी १२,०००, वीज १३,०००, जमीन आणि भिंती ५,०००, टेबल-रॅक ५,०००, हत्यारं ८,०००. उरलेले ७,००० पहिल्या ऑर्डरींच्या मालासाठी. तुमचं छप्पर धड असेल तर तिथले पैसे दुसरीकडे जातील, पण या ७,००० ला हात लावू नका. शेड चकाचक आणि माल आणायला खिशात दमडी नाही, अशी अवस्था फार जणांची होते.

आता विक्री. गणपतीच्या आधी चौरंगांना मागणी असते, तेव्हा तेच उदाहरण घेऊ. १८ एमएमचं आठ बाय चारचं प्लायवूड म्हणजे ३२ चौरस फूट. समजा ते ३,२०० ला पडलं, म्हणजे फुटाला १००. एका चौरंगाला वाया जाणारं धरून ४ फूट: ४०० रुपये. फेविकॉल, स्क्रू, पॉलिश १००. वीज आणि हत्यारांची झीज ५०. तुमचे ३ तास, तासाला १०० प्रमाणे ३००. झाले ८५०. बाजारात तसाच चौरंग ७०० ला विकला जात असेल, तर तुम्ही तासाला फक्त ५० रुपये कमावताय. छंद म्हणून ठीक, धंदा म्हणून नाही. मग एकतर वेळ कमी करा, किंवा नावाची पाटी, मापाचा देव्हारा असं काहीतरी करा, जिथे गिऱ्हाईक तयार मालाशी तुलना करू शकत नाही. स्वतःचे तास हिशोबात न धरणारा माणूस वर्षभर राबतो आणि पैसा कुठे गेला ते त्याला कळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पीएमईजीपीच्या अनुदानाचा विचार असेल तर लक्षात ठेवा, ती योजना नव्या उद्योगासाठी आहे. म्हणून धंदा सुरू करण्याआधीच जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा.

शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा आणि आवाजाचं काम दुपारी झोपेच्या वेळी व रात्री आठनंतर बंद. भुसा रोज झाकणाच्या डब्यात भरा, दाराशी वाळूची बादली ठेवा. जवसाचं तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळत घाला, मगच फेका.

पुढच्या व्हिडिओत जुन्या दाराचं टेबल बांधून दाखवतो. तोवर तुमच्या शेडची लांबी-रुंदी मोजा, पत्र्यावर पाणी सोडून बघा आणि कुठे गळतंय तिथे खडूने खूण करून ठेवा.