ओला कापूस आणि ‘एमेत’

आमचं गाव बेला मंडळात. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात तेलुगू, असंच आम्ही वाढलो. दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. तिथलं गणित आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात, आणि 12 च्या वर गेला की कापूस महामंडळ घेत नाही. मग व्यापारी म्हणेल तो भाव. त्यामुळे रांगेत ‘तेम किती निघाला?’ हाच एक प्रश्न फिरत असतो. तेलुगूत ओलाव्याला तेम म्हणतात, आणि यार्डात आम्हीही तेमच म्हणतो.

मी आठवीत असताना बाबांबरोबर गेलो होतो. पहाटे वेचलेला, दव लागलेला कापूस गाडीत खाली होता, उन्हात वाळलेला वर. व्यापाऱ्याच्या माणसाने वरच्या कापसात मूठ घालून दाबली आणि विचारलं, “खालपर्यंत असाच ना?” बाबा म्हणाले, “आता वरचा तर तुमच्या हातातच आहे, शेठ.” या उत्तरात एक शब्दही खोटा नव्हता. भाव चांगला मिळाला. परतताना मला जोडे घेतले. घर येईपर्यंत बाबा काही बोलले नाहीत.

वीसेक वर्षांनी, हैदराबादच्या ऑफिसात, मी तेच केलं. सॉफ्टवेअर ग्राहकाला द्यायची तारीख तोंडावर होती आणि दोन चाचण्या काही केल्या पास होत नव्हत्या. मी त्या यादीतून काढल्या आणि अहवालात लिहिलं, ‘यादीतील सर्व चाचण्या उत्तीर्ण.’ शेजारी बसणारा सहकारी मूळचा अहिल्यानगरचा, मराठी ख्रिस्ती घरातला. त्याने स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, “यादीतील?”

जेवताना त्याने मला ‘एमेत’ हा शब्द सांगितला. बायबलच्या जुन्या कराराची भाषा हिब्रू, आणि तिच्यात सत्याला एमेत म्हणतात. प्रार्थनेच्या शेवटी येणारं ‘आमेन’ त्याच धातूतलं. मूळ अर्थ पक्कं, न ढळणारं, ज्यावर भार टाकता येईल असं. निर्गमाच्या पुस्तकात लढाई चालू असताना मोशेचे हात थकतात. अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहतात. त्या स्थिरपणासाठी वापरलेला शब्दही याच घराण्यातला आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये सत्य म्हणजे ‘अलेथेइया’, आणि त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक ‘न झाकलेलं’ असा लावतात. माझी यादी दोन्ही परीक्षांत नापास झाली. वाक्य बरोबर होतं, पण त्यावर कुणाला भार टाकता आला नसता, आणि खाली झाकलेलं तर होतंच.

मग मी थोडं वाचायला लागलो. दहा आज्ञांत ‘खोटं बोलू नका’ अशी सरसकट आज्ञा नाही, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नका अशी आहे. म्हणजे आधी शेजाऱ्याचं नुकसान डोळ्यांपुढे आहे. लेवीय आणि नीतिसूत्रे या पुस्तकांत खोट्या तराजूचा, खोट्या मापाचा धिक्कार आहे. हे वाचताना मला आमचा यार्डच दिसला. (तिथे काट्याबद्दल शेतकऱ्यांच्याही तक्रारी असतात, खोटेपणा एकाच बाजूचा नसतो.) योहानाच्या शुभवर्तमानात पिलात येशूला सत्य म्हणजे काय असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता बाहेर निघून जातो. अशा किती मीटिंगांत मी बसलोय!

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते पंडिता रमाबाईंनी. त्यांनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण मनाला पटल्याशिवाय चर्चची शिकवण मान्य करायला त्या तयार नव्हत्या. ज्या भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीही त्यांनी पत्रांतून वाद घातला. 1897 मध्ये पुण्यात प्लेग असताना सरकारी प्लेग दवाखान्यात स्त्रियांचे कसे हाल होतात हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड लिहिलं. प्रकरण इंग्लंडच्या पार्लमेंटात गेलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचं म्हणणं फेटाळलं. स्वतः ख्रिस्ती, संस्थेला मदत परदेशातून येणारी; गप्प राहायला कारणं भरपूर होती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, तोवर हे काम त्यांनी पुरं केलं होतं. दुसऱ्याचं भाषांतर हाताशी असताना मुळापर्यंत जाणं, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त पटतं.

मी अहवाल दुरुस्त करून पाठवला. काम नऊ दिवस लांबलं, आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ते नऊ दिवस माझ्या नावावर लागले. सहकाऱ्याने सहानुभूती दाखवली नाही, चहा मात्र पाजला.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा ओसरीवर बसून बाबांना ही यादीची गोष्ट सांगितली. त्यांना चाचणी म्हणजे काय ते समजावायलाच बराच वेळ गेला. सगळं ऐकून ते थोडा वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चार गाठोडी होती रे. खालची.”

मी कापसाचं नावही काढलं नव्हतं.