घाटातला कडा कोणाचा? चढण्याआधी चार ठिकाणी विचारा

वऱ्हाड म्हणजे काळ्या मातीचा, कपाशीचा सपाट मुलूख, असे बाहेरचे लोक समजतात. पण अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग भिंतीसारखी उभी आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघा किंवा अकोटहून पोपटखेड, शहानूरकडे वळा, काळे कडे दिसू लागतात. चिखलदऱ्याची उंची सुमारे ११०० मीटर. पंचबोल, देवी पॉइंट, भीमकुंड ही ठिकाणे सर्वांना ठाऊक. पण त्यांच्या आसपासच्या अनेक कड्यांना कागदावर नावदेखील नाही.

सह्याद्रीतल्या कड्यांवर दोर लावून चढणारी तरुण मंडळी पुष्कळ. त्यांच्या वाटांची टिपणे झालेली आहेत. आपल्याकडच्या कड्यांविषयी तसे लिखाण फार थोडे. म्हणून दोर घेऊन आलेला पाहुणा शेवटी वाट विचारायला तुमच्याच वावराच्या धुऱ्यावर येतो. उद्या तुमचा कॉलेजात जाणारा मुलगाही विचारील, “बाबा, त्या कड्यावर जाऊ का?” त्याला उत्तर देण्याआधी कडा कोणाचा, हे माहीत हवे.

वाट शोधणे नवे नाही

डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला गाविलगड घ्यायचा होता. दक्षिणेकडची वाट इतकी उभी की ती पायी माणसापुरतीच. म्हणून स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगराला वळसा घातला, स्वतः रस्ता करीत जड तोफा ओढल्या आणि उत्तरेला लबाडा गाव गाठले. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून फौज आत शिरली. आतल्या तटाला मात्र खिंडार नव्हते; तिथे कॅप्टन कॅम्पबेलच्या शिपायांनी शिड्या लावल्या आणि आत उतरून दरवाजा उघडला. समोर दिसणारी वाट हीच खरी वाट, असे डोंगरात कधीच धरून चालू नये.

मालक कोण?

पहिले, वनखाते. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. नरनाळ्याचा परिसरही अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीवाचून शिरणे हा गुन्हा आहे. नाक्यावरची पावती ही नेमून दिलेल्या रस्त्याने फिरण्याची. तिच्यावर कडा चढता येत नाही. रेंज ऑफिसात जाऊन लेखी अर्ज द्यावा. ‘नाही’ म्हटले तर तो विषय तिथेच संपला.

दुसरे, पुरातत्त्व खाते. गाविलगड आणि नरनाळा ही संरक्षित स्मारके आहेत. त्यांच्या तटात खिळा ठोकणे किंवा बुरुजाला दोर बांधणे चालणार नाही.

तिसरे, गाव. कडा ई-क्लास जमिनीत आहे की कोणाच्या मालकीत, हे तलाठ्याकडचा गावनकाशा आणि सातबारा पाहिल्यावर कळते. मालकीचा असेल तर धन्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. आणि शेतकरी बंधूंनो, परवानगी देणे न देणे तुमच्या हाती आहे. देणार असाल तर नावे, गाडीचा नंबर आणि परतायची वेळ लिहून घ्या. उभ्या पिकातून न जाता पांदणीने जा, असे बजावून सांगा.

चौथे, बांधकाम खाते. रस्त्यासाठी सुरुंग लावून फोडलेली दरड हा कडा नव्हे. सुरुंगाने तिचा दगड आतून तडकलेला असतो आणि खाली वाहने जातात. तिच्यावर चढूच नये.

दगड काय सांगतो?

आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. घट्ट थरावर मऊ, मुरमाड थर, त्यावर पुन्हा घट्ट. मऊ थर झिजला की वरचा दगड अधांतरी राहतो. दिसायला भक्कम असला तरी हात घालताच निसटतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे तर कड्यापासून दूरच राहावे.

कपारीत आग्या मोहोळ असते. माणसाच्या गोंगाटाने, धुराने ते उठते. आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. कपारीखाली पांढरे ओघळ दिसले तर वर मोठ्या पक्ष्याचे घरटे असण्याचा संभव. लांब चोचीचे गिधाड कड्यावरच घरटे करते, तेही हिवाळ्यात, म्हणजे चढणाऱ्यांच्या आवडत्या दिवसांत. जनावरांना देण्याच्या डायक्लोफिनॅक औषधाने ही गिधाडे मेली, म्हणून २००६ मध्ये त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. उरलेल्या पक्ष्यांना घरट्यावरून उठवू नये.

ही माहिती नकाशात सापडणार नाही. ती गुराख्याला, मध काढणाऱ्या कोरकू बांधवाला, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला असते. दगड कुठे सुटतात, मोहोळ कुठे बसते, पाणी कोठवर टिकते, हे त्यांना विचारावे. आणि ते वाट दाखवायला आले तर त्यांच्या दिवसाची मजुरी द्यावी.

मुलाला काय सांगाल?

घरच्या मुलाला नुसते ‘जाऊ नको’ म्हटले तर तो चोरून जाईल. त्यापेक्षा सांगा, आधी जाणत्या संस्थेत शीक. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेल्या संस्था राज्यात आहेत. पैसे घेऊन साहसी खेळ चालवणाऱ्यांना २०२१ च्या राज्याच्या धोरणानुसार नोंदणी लागते. ती पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. एकट्याने जाऊ नये. मोबाइलला रेंज नसते, म्हणून परतायची वेळ घरी सांगून निघावे. ती टळली तर घरच्यांनी थांबून न राहता ११२ क्रमांकावर कळवावे, जखमीसाठी १०८.

आपल्या शिवारातल्या कड्यांची नावे, त्यांचे मालक आणि धोक्याच्या जागा एका वहीत लिहून ग्रामपंचायतीत ठेवता येतील. एका दुपारचे काम आहे. पुढच्या हंगामात कोणी विचारायला आले तर ती वही त्याच्या हातात द्या.