उमेदवारी : शब्दाची आणि सहीची

जुन्या पेढीवर मुलगा उमेदवारीस बसे तो शब्दावर. शेठजींचे घराणे ठाऊक, मुलाचे वडील ठाऊक. मुनीमजींच्या हाताखाली रोजकीर्द-खतावणी गिरवीत तो घडत असे. आज व्यापारी कुटुंबांतील पुढची पिढी कारखानदारीकडे वळली आहे. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत मुलगा यंत्रापाशी उभा राहतो, आणि यंत्राला घराण्याची ओळख नसते. अपघात झाला की पहिला प्रश्न येतो : हा येथे कोण? कामगार की शिकाऊ? कागद नसेल तर उत्तर सिद्ध करण्यातच वर्षे जातात.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ याचे उत्तर आधीच लिहून ठेवावयास सांगतो. प्रशिक्षणापूर्वी मालक व उमेदवार यांनी करार करावा. उमेदवार अज्ञान असल्यास पालकाने सही करावी. २०१४ च्या दुरुस्तीनुसार कराराचा तपशील सात दिवसांत शासकीय पोर्टलवर नोंदवावयाचा असतो. हरकत असल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागाराने ती १५ दिवसांत कळवावी, आणि ३० दिवसांत नोंदणी करावी. २०१९ पासून ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते २९ माणसांच्या आस्थापनेस ते ऐच्छिक आहे.

करार दोन्ही बाजूंस बांधतो. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे; तरीही कामावर इजा झाल्यास भरपाईचे दायित्व मालकावरच असते. सल्लागाराच्या अनुमतीवाचून त्याच्याकडून जादा वेळ काम घेता येत नाही. मालकाने अटी न पाळल्यामुळे करार मोडला, तर तीन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी भरपाई द्यावी लागते.

श्रावकास हे नवे वाटू नये. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर भार लादणे, हाही एक आहे. शिकावयास आलेल्या मुलाकडून पूर्ण कामगाराचे काम अल्प मोबदल्यात करवून घेणे याहून फारसे वेगळे नाही.

विद्यावेतन दरमहा बँकेतून द्यावे, हजेरी नियमित ठेवावी आणि कराराची प्रत पालकांच्या हाती द्यावी. दिलेला शब्द लिहून ठेवल्याने पेढीची पत कमी होत नाही.