जुनी टाकी, नवे सुटे भाग

मुंबईत डोंगरी, माझगाव, गिरगाव या भागांतील जुन्या इमारतींच्या संडासांत साखळी ओढून पाणी सोडण्याच्या बिडाच्या टाक्या अजूनही काही ठिकाणी आहेत. टाकी गळू लागली की ‘आता प्लॅस्टिकची बसवा’ असे सांगून कारागीर मोकळा होतो. वास्तविक बिडाचे अंग बहुधा शाबूत असते, झिजतात ते आतले भाग. हे भाग बदलून देण्याचे काम आमच्या तरुणांनी हाती घेण्यासारखे आहे.

या टाकीत एका उभ्या नळीवर जड घंटा बसवलेली असते. साखळी ओढून सोडली की घंटा खाली पडते, तिच्याखालचे पाणी नळीच्या तोंडावरून उसळते आणि मागून सारी टाकी रिकामी होते. घंटेला तडा गेला असेल तर आत हवा शिरते व पाणी जोराने येत नाही. नवी घंटा घेताना जुनी सोबत न्यावी. उंची व घेर जुळलाच पाहिजे. नवीन माल न मिळाल्यास मोडीच्या बाजारात शोधावे.

भांड्यात सतत धार लागली असेल तर प्रथम बॉलकॉक पाहावा. पुष्कळदा रबरी वॉशर बदलल्याने काम भागते. बॉल हलवून पाहावा. आत पाणी खळखळले तर तो फुटला आहे, बदलावा. पूर्ण बॉलकॉक बदलायचा झाल्यास हाय प्रेशर की लो प्रेशर हे दुकानदाराला आधी सांगावे. जोराच्या पाण्यावर लो प्रेशरचा बसवला तर तो नीट बंद होत नाही. शेवटी पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली सुमारे एक इंच ठेवावी.

दहा मिनिटांत एक लिटर गळाले तरी दिवसाला १४४ लिटर पाणी जाते. वुजू करतानाही पाण्याचा इस्राफ टाळण्याची शिकवण असलेल्या समाजाने ही धार चालू ठेवणे शोभत नाही.

या धंद्याला मोठे भांडवल लागत नाही. पाने, वॉशर, दोन बॉलकॉक आणि मोजपट्टी एवढ्यावर सुरुवात होते. आयटीआयमध्ये प्लंबरचे शिक्षण मिळते. मात्र वॉशरने भागणारे असेल तिथे नवी टाकी गळ्यात मारू नये. प्रामाणिक कारागिराला पुढचे गिऱ्हाईक शेजारच्याच खोलीत मिळते.