चुंबकी लोहखनिजाचा शोध

भूमीच्या पोटात काय दडले आहे, हे वरून ओळखणे सोपे नसते. परंतु मॅग्नेटाइट नावाचे काळे लोहखनिज स्वतःच आपला पत्ता सांगते. ते चुंबकीय असल्यामुळे त्याच्या मोठ्या साठ्याजवळ होकायंत्राची सुई उत्तर दिशा सोडून भलतीकडेच वळते. स्वीडनमधील खाणकरी सतराव्या शतकापासून अशा सुईने लोखंडाचा माग काढीत असत. हा माग कसा काढतात व सापडलेल्या साठ्याचे मोल कसे ठरवितात, हे आपण कर्नाटकातील कुद्रेमुखाच्या उदाहरणाने पाहू.

गोव्यातील खाणींत निघते ते मुख्यतः तांबूस हेमॅटाइट. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये लोह शेकडा ७२ भाग, म्हणजे हेमॅटाइटपेक्षा किंचित अधिकच असते. पण कुद्रेमुखाच्या डोंगरात ते गारेच्या थरांशी मिसळलेले असल्याने हे प्रमाण शेकडा ३८ च्या आसपास उतरते.

हल्ली प्रथम विमानातून चुंबकमापकाने पाहणी करतात. नंतर जमिनीवर ठराविक अंतराने मोजमापे घेऊन नकाशा तयार करतात. तरीही केवळ चुंबकावर विसंबता येत नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात व तेही सुईला चाळवितात. उलट, हवापाण्याने वरचे मॅग्नेटाइट बदलून हेमॅटाइट झाले, तर चुंबकत्व क्षीण होते. म्हणून हिरे बसविलेल्या पोकळ छिद्रकाने खोलवर भोके पाडून खडकाच्या लांब कांड्या बाहेर काढतात आणि त्यांचे पृथक्करण करतात.

आता गणित मांडू. समजा, एक थर १,००० मीटर लांब, १०० मीटर रुंद व २०० मीटर खोल आहे. त्याचे घनफळ २ कोटी घनमीटर झाले. एका घनमीटराचे वजन साडेतीन टन धरल्यास साठा ७ कोटी टन भरतो. पण हे सर्व लोखंड नव्हे! खडक दळून चुंबकाने मॅग्नेटाइट वेगळे करावे लागते. शेकडा ३८ लोहाच्या खनिजापासून शेकडा ६७ लोहाचा माल करावयाचा, तर लोहाचा कणही वाया न जाता १०० टनांतून सुमारे ५७ टन माल मिळेल. उरलेल्या ४३ टन गाळाचे काय करावयाचे, हाही मोजणीचाच भाग होय.

कुद्रेमुखचे खनिज १९१३ साली म्हैसूर संस्थानचे भूशास्त्रज्ञ संपत अय्यंगार यांनी उजेडात आणले. खाणीसाठी सरकारी कंपनी मात्र १९७६ साली निघाली. दळलेले खनिज पाण्यात कालवून सुमारे ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळूरच्या बंदराकडे वाहत असे. गाळ अडविण्यासाठी लक्या नावाचे धरण बांधले गेले. पण येथेच घनदाट अरण्य आहे व भद्रा नदीचा उगमही याच डोंगररांगेत आहे. १९८७ साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निर्णयानुसार २००५ च्या अखेरीस खाणकाम थांबले. खनिज संपले म्हणून नव्हे. अरण्य व नदी यांच्या रक्षणासाठी!

यावरून आम्हांस वाटते की, साठ्याचा अंदाज करताना जमिनीखालच्या टनांइतकाच वरच्या झाडापाण्याचाही हिशेब प्रारंभीच मांडला पाहिजे. सुई लोखंड दाखविते. ते काढावे की नाही, हे माणसानेच ठरवावयाचे असते.