जातिवंत घोडा कशावरून ओळखावा?

युरोप खंडात नेदरलँड्स नावाचा देश आहे. हॉलंड म्हणतात तोच हा देश. तिथे फ्रीजलंड हा एक प्रांत आहे. तिथल्या घोड्याला फ्रीजियन म्हणतात. पूर्वी तो शेतात राबे, गाडी ओढी. आता त्याला मुख्यतः स्वारीला आणि बग्गीला वापरतात.

या घोड्याची जात टिकावी म्हणून १८७९ साली एक नोंदवही सुरू झाली. जाणते परीक्षक घोडा तपासतात आणि वहीत त्याचा दर्जा लिहितात. ते काय पाहतात?

रंग : घोडा काळाभोर हवा. फार तर कपाळावर लहानसा पांढरा ठिपका चालतो. पाय पांढरे चालत नाहीत.

उंची : चार वर्षांच्या नराची उंची खांद्यापाशी निदान १६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सव्वापाच फूट हवी.

केस : आयाळ आणि शेपटी लांब. पायांवर खुरापर्यंत केसांची झालर. ही झालर दिसते छान, पण तिच्याखाली ओल राहिली की कातडी बिघडते. म्हणून पाय कोरडे ठेवावे लागतात.

बांधा आणि चाल : मान उंच, पाय सरळ, खूर मजबूत. दुडक्या चालीत पाय चांगले उचलले पाहिजेत. नराला स्वारीत आणि गाडीला जुंपूनही पारखतात.

एवढे झाले म्हणजे काम भागले का? नाही. १९१३ साली या जातीचे नोंदलेले वळू फक्त तीन उरले होते. कारण शेतकऱ्यांना कामाला जास्त जड घोडे हवे होते. तेव्हा काही लोकांनी संस्था काढली, चांगली नर शिंगरे विकत घेऊन वाढवली, आणि जात वाचवली.

पण थोड्या घोड्यांपासून वाढलेली ही जात. सगळे एकमेकांचे जवळचे नातलग! अशा ठिकाणी लपलेले दोष वर येतात. काही शिंगरे खुजी होतात, त्यांचे पाय आखूड राहतात. काहींच्या डोक्यात पाणी भरते. ती बहुधा मेलेलीच जन्मतात आणि विताना घोडीच्याही जिवावर बेततं.

आईबाप तर धडधाकट दिसतात. मग हे कसे? दोष दोघांच्याही अंगात लपलेला असतो. अशी जोडी जमली, तर चार शिंगरांत साधारण एक शिंगरू दोषी निघते. आता घोड्याचे काही केस मुळासकट उपटून त्यांची तपासणी करता येते. दोष लपलेला आहे की नाही, ते आधीच कळते. मग तशी जोडी लावायचीच नाही.

मंडळी, रंग आणि केस डोळ्यांना दिसतात. रक्तातला दोष दिसत नाही. आपणही गाईला वळू दाखवताना नुसता रंग आणि शिंगे पाहू नयेत. त्याचे आईबाप कोण, त्याची वासरे कशी निघाली, गाईशी त्याचे नाते तर नाही ना, हे आधी विचारावे. विचारायला पैसा पडत नाही. न विचारले, तर वासरू जाते.