वेगाला अडणारा हात

आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं’. पक्षाघातानंतर सुरुवातीला हात बहुधा लुळा लोंबतो. मग काही आठवड्यांनी अनेकांचा तोच हात आखडू लागतो. कोपर दुमडतं, मूठ वळते. घरच्यांना वाटतं, ताकद परत येतेय. खरं तर मेंदूचा लगाम सुटलेला असतो.

हातापायांच्या स्नायूंत ताण टिपणारे बारीक तंतू असतात. स्नायू ताणला की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि स्नायू आकसतो. एरवी मेंदू या प्रतिक्रियेला आवरून धरतो. गंमत अशी, की हे तंतू वेगाला फार हळवे. दुमडलेलं कोपर सावकाश उघडा, बरंचसं उघडतं. झटक्यात उघडा, मध्येच अडतं. कधी अडून एकदम सुटतं, मिटणाऱ्या चाकूच्या पात्यासारखं.

हे मोजायचं कशानं? तपासणाऱ्याच्या हातानं! १९६४ साली अ‍ॅशवर्थ या डॉक्टरांनी शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. १९८७ मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी एक आणि दोनच्या मध्ये ‘एक अधिक’ घातली. सांधा साधारण एका सेकंदात उघडायचा आणि किती विरोध जाणवला ते लिहायचं. एमआरआयच्या जमान्यात हे अडाणी वाटेल, आणि दोन तपासणाऱ्यांचे आकडे जुळतीलच असंही नाही. मला फ्रान्सच्या तार्द्यू यांची रीत अधिक पटते: एकदा सावकाश, एकदा झपाट्यानं उघडायचं आणि दोन्ही वेळचे कोन मोजायचे. फरक मोठा, तर दोष मुख्यतः प्रतिक्रियेचा. फरक थोडा आणि सांधा तरीही उघडत नसेल, तर स्नायूच आखूड झालाय. उपचार त्यावर ठरतात.

वीज नको, यंत्र नको. फार तर एक कोनमापक. महाराष्ट्रातल्या जामखेडला अशा साधेपणाचं नवल वाटू नये. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं तिथं गावांतल्या आरोग्याचं काम सुरू केलं. त्यांनी शिकवलेल्या, शाळा फारशी न पाहिलेल्या बायकांनी गावोगाव बाळंतपणं केली, कुष्ठरोगाचे रुग्ण ओळखले. शिकवलं तर असे हात कोपराची अडणही ओळखतील, असं मला वाटतं.

घरात कुणाचा हात आखडला असेल, तर हिसका देऊन सरळ करू नका. सावकाश उघडा, आणि कुठे अडतो ते फिजिओथेरपिस्टला सांगा.